नाताळची सजावट कमी करायची आहे? आधी खोकी उघडा

पहिल्याच वर्षी सगळं बंद करू नका. मी केलं होतं. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी घर इतकं भकास वाटलं, की रात्री माळ्यावर चढून दिव्यांची माळ शोधत बसले. त्यापेक्षा खोकी उघडा, एकेक वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा: ही लावताना मला आनंद होतो, की नाही लावली तर कुणी काय म्हणेल याची धास्ती वाटते? धास्तीवालं सगळं परत खोक्यात. लगेच देऊन टाकू नका, एक नाताळ त्याच्याविना जाऊ द्या. आठवणही आली नाही, तर खुशाल द्या. (मुलांनी केलेला वाकडा तारा या हिशेबात धरायचा नाही.)

घरच्यांना डिसेंबर उजाडण्याआधी सांगा, ऐन वेळी कळलं की रुसवेफुगवे होतात. ज्याला झाड हवंच आहे, त्याने ते लावावं आणि 6 जानेवारीनंतर उतरवून आवरावंही. या अटीवर आमच्याकडचा उत्साह बराच निवळला!

मग उरलं काय? आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारांच्या चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा वाढवत न्यायच्या. शेजारी छोटी गव्हाणी. आम्ही बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या रात्रीच ठेवतो, तोवर ती जागा रिकामीच असते.