शेततळं खणायला ट्रॅक्टर घ्यावा का?

सिन्नर तालुक्यात शेती आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी असलेल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: वय ४६. गावी अडीच एकर, सातबारा आईच्या नावावर. गेल्या वर्षी एक एकर डाळिंब लावलं. विहीर मार्चच्या सुरुवातीला तळ गाठते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे २८ टँकर प्रत्येकी दीड हजाराने घ्यावे लागले. आता २० बाय २० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं करायचं आहे. त्यासाठी लोडर आणि रोटाव्हेटरसह छोटा ट्रॅक्टर घेऊन सुट्टीच्या दिवशी स्वतःच खोदायचं, असा त्यांचा विचार आहे. सगळं मिळून कोटेशन ७ लाखांचं. ३ लाख ठेवीतून, ४ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. पोकलेनवाल्याने याच खोदाईचे बांध रचून, उतार चोपून ७८ हजार सांगितले आहेत. "७८ हजार देऊन हातात काहीच उरत नाही, ट्रॅक्टर तरी दारात राहील," असं ते लिहितात.

नमस्कार. तुमचं हे शेवटचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं, कारण सगळा गुंता त्यातच आहे. ७८ हजार देऊन हातात तळं उरतं. ट्रॅक्टर हा वेगळा निर्णय आहे. दोन्ही एकाच दाव्याला बांधले की तळ्याची गरज ट्रॅक्टरचा खर्च झाकते आणि ट्रॅक्टरची हौस तळ्याचा हिशेब बिघडवते. म्हणून आधी तळ्याचं बघू.

तळं करा. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यात पाणी किती मावेल आणि किती दिवस पुरेल, हे आधी नीट समजून घ्या. एकास एक उतार धरला तर वर २० बाय २० असलेलं तळं तळाला १४ बाय १४ होतं, म्हणजे ८७६ घनमीटर, पावणेनऊ लाख लिटर. काठापासून फूटभर खाली पाणी ठेवायचं म्हटलं की साडेसात लाखांच्या आसपास उरतं. त्यातलं ऊन किती पिणार ते बघा. सिन्नरच्या एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर भरलेल्या तळ्यातून रोज तीन हजार लिटर हवेत जातं. ऑक्टोबरात भरून ठेवलेलं तळं मार्चपर्यंत बरंच खाली गेलेलं असतं. त्यामुळे विहिरीला पाणी आहे तोवर, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ते पुन्हा काठोकाठ करून घ्यायचं. असं केलं तर मेअखेरपर्यंतचं बाष्पीभवन वजा जाता साधारण पाच लाख लिटर हाताशी राहतं. तुमची २९० झाडं, १० मार्च ते मेअखेर ८० दिवस, म्हणजे झाडाला रोज २१ लिटर. ठिबक आणि आच्छादन असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या झाडांना हे पुरतं. पण याच पाण्यावर उन्हाळ कांदाही काढू, असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. हे एक एकराचं पाणी आहे.

आता खोदाई. तुमच्या पत्रात लोडरची बादली ०.२ घनमीटरची लिहिली आहे. प्रत्यक्षात ती दर खेपेला शिगोशीग भरत नाही, ०.१८ धरू. जमिनीतून निघालेली माती फुगते. २५ टक्के फुगवटा धरला तर ८७६ घनमीटरची जवळपास ११०० होते. म्हणजे सहा हजारांवर बादल्या. भरायची, मागे यायचं, चढ चढून बांधावर ओतायची, परत खाली उतरायचं, याला तीन मिनिटं लागली तरी तीनशे तास झाले. शनिवार-रविवार सात-सात तास ट्रॅक्टरवर बसलात, एकही लग्न नाही, एकही आजारपण नाही, तरी २२ आठवडे. जानेवारीत सुरुवात केली तर जून उजाडतो, आणि पावसाने अर्धवट खड्ड्याचे काठ ढासळले की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. डिझेल तासाला तीन लिटर आणि लिटरला ९० रुपये धरले तरी ८० हजारांच्या वर जातं. म्हणजे पोकलेनचं अख्खं बिल तुमच्या नुसत्या डिझेलमध्ये संपतं.

हा हिशेबही मऊ मातीचा आहे. तुमच्या भागात दोन-तीन फुटांखाली मुरूम लागतो. छोट्या ट्रॅक्टरचा लोडर मोकळी माती उचलायला केलेला असतो, घट्ट मुरूम फोडायला नाही. आधी फण मारून मुरूम सैल करायचा आणि मग उचलायचा, असं करावं लागेल. त्यात क्लच आणि पुढचा धुरा लवकर जातो.

शिवाय रॅम्पचा प्रश्न आहे. पोकलेन काठावर उभं राहून हात खाली सोडतं. तुमचा ट्रॅक्टर मात्र खड्ड्यात उतरणार. ३ मीटर खोलीतून भरली बादली घेऊन वर यायला निदान एकास पाच चढ हवा, म्हणजे १५ मीटर लांबीचा रॅम्प. तळंच २० मीटरचं आहे. शेवटी तो रॅम्प काढायला यंत्र बोलवावंच लागेल. आणि भरलेली बादली उंच धरून उतारावर वळताना छोटा ट्रॅक्टर कलंडायला वेळ लागत नाही. तुमच्यावर घर चालतं. पैशाचं सगळं बाजूला ठेवलं तरी या एका कारणासाठी मी तुम्हाला नको म्हणेन.

"निघालेला मुरूम विकून निम्मा खर्च निघेल," असंही तुम्ही लिहिलं आहे. तो तुमच्याच बांधाला, तुमच्याच शेतरस्त्याला वापरा. मुरूम हे गौण खनिज आहे. तहसील कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याशिवाय तो विकला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही जप्त होते.

ट्रॅक्टरकडे आता वेगळं बघू. ७ लाखांचा सेट दहा वर्षांनी अडीच लाखांना गेला असं धरा, म्हणजे वर्षाला ४५ हजारांची झीज. कर्जाचं व्याज पहिल्या पाच वर्षांत सरासरी २६ हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून १८ हजार. मोडलेल्या ठेवीचं बुडालेलं व्याज वीसेक हजार. डिझेल न धरता वर्षाला लाखाच्या पुढे. तुमच्याच पत्राप्रमाणे नांगरट, रोटाव्हेटर, फवारणी असं सगळं भाड्याने करून तुमचा वर्षाचा खर्च आहे २२ हजार.

दर सहा महिन्यांचा हप्ता ५३ हजारांचा येईल. घरकर्ज भागवून तुमच्याकडे महिन्याला १४ हजार शिल्लक राहतात, सहा महिन्यांचे ८४ हजार. त्यातून हप्ता गेला की उरतात ३१ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आसपास. आणि ज्या ठेवीतून तुम्ही ३ लाख काढणार, ती ४ लाखांची ठेव मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे. ती आत्ता अकरावीत आहे. दीड वर्षाने प्रवेशाच्या वेळी शेतातला ट्रॅक्टर विकून फी भरता येत नाही, आणि विकला तरी भाव पडलेला असतो. तुमच्याकडे अडीअडचणीचा वेगळा निधीही नाही, तेव्हा आज ती ठेवच घराचा आधार आहे. तिला हात लावू नका.

"बाकीचे दिवस भाड्याने देऊन हप्ता काढू" हा विचारही तपासून बघा. तुम्ही आठवड्याचे पाच दिवस अंबडला. ट्रॅक्टर चालवणार कोण? ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार. ट्रॅक्टरचा विमा स्वतःच्या शेतीकामापुरता काढलेला असेल आणि अपघात भाड्याच्या कामात झाला, तर दावा अडतो. शिवाय दुसऱ्याच्या शेतात भाड्याने कमावलेला पैसा करमुक्त शेती उत्पन्नात बसत नाही, तो तुमच्या पगारात मिळवून कर भरावा लागतो.

तुमची एक तक्रार मात्र अगदी खरी आहे. रानाला वाफसा (मशागतीजोगी ओल) आलेला असतो, तुम्ही शनिवारी सकाळी नाशिकहून पोहोचता आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो, बुधवारी येतो. तोवर रान कडक होतं. हा त्रास पैशात मांडता येत नाही, आणि डाळिंब धरलं की फवारणीच्या वेळा आणखी कडक होतात. म्हणून ट्रॅक्टर कायमचा नको असं मी म्हणत नाही. बाग बहारावर येऊ द्या, मुलीचा प्रवेश होऊ द्या. भावाचं रान शेजारीच आहे, दोघांत मिळून घ्यायचा विचार करा. दोन्ही घरांचं भाड्याचं बिल वर्षाला ७०-८० हजारांवर गेलं की पुन्हा बसू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे "आत्ताच घ्या, संधी जाईल" असं कुणी घाई लावत असेल तर ऐकू नका.

मग तळ्याला पैसा कुठून? खोदाई ७८ हजार. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचं तुम्हाला मिळालेलं कोटेशन बसवणुकीसह ६६ हजार, तारेचं कुंपण २४ हजार. एकूण १ लाख ६८ हजार. दिवाळीचा ९० हजार बोनस तुमच्या खात्यात आहे. डिसेंबर ते मे महिन्याला १४ हजार बाजूला टाकले की ८४ हजार. कर्ज न काढता भागतं आणि सहा हजार उरतात. एप्रिलमध्ये खोदाई, मेच्या शेवटी कागद. टँकरचे ४२ हजार दरवर्षी वाचले तर अनुदानाशिवायही चार वर्षांत पैसे फिटतात.

अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज आजच टाका. तो आईच्या नावाने जाईल. सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं खातं आणि फार्मर आयडी तयार ठेवा. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला कमाल ७५ हजार मिळतात, पण रक्कम आकारावर ठरते. २० बाय २० ला तेवढी मिळणार नाही. अस्तरीकरणाचा, म्हणजे कागद बसवण्याचा, घटक वेगळा आहे, त्यालाही अर्ज करा. पूर्वसंमती हातात येण्याआधी एक बादली जरी माती काढली तरी अनुदान गेलं समजा. पैसे काम झाल्यावर, पाहणीनंतर खात्यात येतात, त्यामुळे भांडवल आधी आपलंच लागतं. १५ एप्रिलपर्यंत संमती आली नाही तर? मी तुमच्या जागी असतो तर खोदून टाकलं असतं. या आकाराच्या अनुदानासाठी आणखी एक उन्हाळा टँकरवर काढणं परवडत नाही, आणि कोवळी झाडं जळली तर ते नुकसान वेगळंच.

कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः पोळलो आहे. दिंडोरीच्या आमच्या तळ्याचा कागद मे महिन्यात भर दुपारी अंथरला. बसवणाऱ्याने तो चादरीसारखा ताणून घेतला, एक सुरकुती दिसू दिली नाही. आम्हालाही ते बघून बरं वाटलं. उन्हात फुगलेला तो कागद रात्रीच्या गारव्यात आकसला आणि सकाळी एका कोपऱ्यातला जोड वीतभर उसवलेला होता. काठावरच्या चरातून दुसरी बाजूही सुटून आली होती. कागद सकाळी किंवा ऊन कलल्यावर, सैल सोडूनच बसवायचा. त्याआधी तळ आणि उतार हाताने चाचपून टोकदार खडे वेचून घ्यायचे आणि चाळलेल्या मातीचा दोन इंचांचा थर द्यायचा. मजुरीचे दोन दिवस वाढतील, वाढू द्या. मुरमाचा एक खडा पाण्याच्या वजनाखाली कागदाला भोक पाडतो आणि ते तळं रिकामं केल्याशिवाय सापडत नाही.

कुंपणाचे २४ हजार कुठल्याही परिस्थितीत कमी करू नका. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, हवा भरलेल्या दोन ट्यूब काठावर बांधून ठेवा आणि फाटकाला कुलूप लावा. कागद बसल्यावर पाणी सोडायच्या आधी हे झालेलं असलं पाहिजे.

भावाशीही आत्ताच बोला. बांध धरून तळं आठ गुंठे खाणार. उद्या वाटणी झाली तर ते कुणाच्या हिश्श्यात जाईल, दुसऱ्याला पाणी मिळणार का, हे आईसमोर साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

येत्या रविवारी गावी जाल तेव्हा जेसीबी दोन तासांसाठी बोलवा आणि ठरवलेल्या जागेत तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. पूर्वसंमतीला बाधा येऊ नये म्हणून आधी सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या कृषी सहायकाच्या) कानावर घाला, आणि खड्डे बघून झाले की लगेच बुजवा. सहा-सात फुटांवर काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागेल आणि ७८ हजारांचा आकडा राहणार नाही. मग खोली कमी करून तळं पसरट करायचं की जागा बदलायची, ते बघावं लागेल. कुठल्या खड्ड्यात किती फुटांवर काय लागलं ते लिहून पाठवा, त्यावरून आकार आणि खर्च पुन्हा मांडू.