नकार घेऊन परतलेल्यास

प्रिय मुला,

पत्र पोचलं. धर्मसंघात दाखल व्हायला गेलास, तर संघाने 'दोन वर्षं थांब, मग बघू' म्हणून परत पाठवलं, आता वाडीत केळींना पाणी सोडताना येणारे-जाणारे विचारतात आणि तुला तोंड लपवावंसं वाटतं. आणि शेवटी तुझा प्रश्न, यासाठी कोणत्या संताचा धावा करू?

हरवलेल्या चाव्यांसाठी आपण संत अंतोनीला साकडं घालतो. नकारांचं असं वेगळं खातं स्वर्गात नाही. पण आपल्या गावचा एक पोरगा आहे. मुंबई महाधर्मप्रांताचा आश्रयदाता, वसईजवळच्या गासच्या चर्चला ज्याचं नाव आहे तो संत गोन्सालो गार्सिया. (मी त्याला एकेरीच हाक मारतो. गाववाला आहे, रागावणार नाही.)

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी त्याची गोष्ट कैक वर्षं थेट क्रूसापासून सुरू करायचो. चुकत होतो. पोरांच्या लक्षात भाले राहायचे, माणूस राहायचा नाही. तुला मी मधला भाग सांगतो.

जन्म वसईचा, 1557 च्या सुमारास. बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यात येशूसंघीयांकडे, म्हणजे जेजुइट धर्मगुरूंकडे शिकला आणि मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा त्यांच्यासोबत जपानला गेला. तिथे सात-आठ वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. जपानी अशी शिकला की लोक त्याचं बोलणं ऐकायला थांबत. त्याला येशूसंघात जायचं होतं. घेतलं नाही. तू दोन वर्षांच्या 'थांब'ने खचलास. त्याची उमेदीची वर्षं तिथे गेली होती.

मग त्याने काय केलं? व्यापार. पूर्वेकडच्या बंदरांतून माल फिरवला, चार पैसे गाठीला बांधले. चरित्रं हा भाग दोन ओळींत उरकतात, जणू संताने धंदा करणं शोभत नाही. मला मात्र तो गल्ल्यावर बसलेला गोन्सालो फार आवडतो. तो रुसून बसला नाही, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याविरुद्ध बोलत फिरला असंही कुठे वाचायला मिळत नाही. मनिलाला जाता-येता त्याची फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाशी ओळख झाली आणि 1588 च्या सुमारास तो तिथे ब्रदर म्हणून दाखल झाला. फादर नव्हे, साधा ब्रदर, म्हणजे धर्मगुरूची दीक्षा नसलेला संघबंधू.

आता गंमत बघ. 1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले, तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला. सोबत दुभाष्या हवा होता. ज्या घराने त्याला आत घेतलं नाही, त्याच घराच्या चाकरीत शिकलेली भाषा आता कामी आली. हिदेयोशीसमोर फादरांचं बोलणं त्याच्या तोंडून जायचं. क्योतोत फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं काढली. त्या सगळ्या व्यवहारात दुभाष्याला किती राबावं लागलं असेल, तूच विचार कर.

पुढचं तुला पाठ आहे. 1596 मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागलं, मालावरून तंटा झाला, संशय वाढला आणि धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि त्यांना ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. खिळे नव्हते, कड्या आणि दोर होते. मग दोन्ही बाजूंनी भाले. त्या सव्वीस जणांत आपला गोन्सालो होता, आणि बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संतपद दिलं.

तुला इतकंच सांगतो, वाडी सोडू नकोस आणि तिची लाज तर मुळीच धरू नकोस. बापाचा हिशेब तू ठेवतोस, बाजारात भाव करतोस, मजुरांशी त्यांच्या बोलीत बोलतोस. हे पुढे कोणाच्या उपयोगी पडेल ते आज कळणार नाही, गोन्सालोलाही कळलं नव्हतं. संघाला दर महिन्याला पत्र लिहून विचारत बसू नकोस, एकदा वर्षअखेरीस लिही. आणि आईसमोर त्या फादरांना नावं ठेवू नकोस. ती मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, त्यांच्यासमोरच बसते.

फेब्रुवारीत त्याच्या सणाला मिस्साला माझ्या शेजारी बस. रोमच्या पंचांगात त्या दिवशी त्या सव्वीसांतल्या एकाचंच नाव, 'संत पॉल मिकी व सोबती' असं छापलेलं असतं. आपला दुभाष्या त्या 'सोबतीं'त. ते वाचलं गेलं की मी मुद्दाम मोठ्याने खोकतो. गेल्या वर्षी पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून मला खोकल्याची गोळी दिली.

तुझा,
सर