पुडीतली पुडी

प्रिय बाळ,
आशीर्वाद.

एजंटने फंड ऑफ फंड्स सुचवला आणि वर म्हणाला, "यात सगळंच येतं, वेगळं काही बघायला नको." ते सगळं म्हणजे काय, हे तू विचारलं नाहीस. तुझ्या वयात मीही विचारलं नसतं.

नेहमीचा फंड शेअर्स किंवा रोखे घेतो. हा दुसऱ्या फंडांची युनिट्स घेतो. पुडीत पुडी, म्हणून कागदाचे पैसे दोनदा. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या योजनेच्या खर्चाशिवाय आतल्या योजनांचा खर्चही गुंतवणूकदाराच्याच माथी. ते वाक्य शोध आणि पेन्सिलीने अधोरेखित कर. वरचा खर्च अर्धा टक्का धरला, तर पाच लाखांवर वर्षाला अडीच हजार. नफा होवो न होवो, ते रोज थोडे थोडे एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या भावातूनच, वजा होतात, त्यामुळे गेल्याचं कळतही नाही.

वॉरन बफे यांची २००८ मधली दहा वर्षांची पैज वाच. एका बाजूला एस अँड पी ५०० या अमेरिकी निर्देशांकातले शेअर्स जसेच्या तसे घेणारा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत, म्हणजे श्रीमंतांसाठीच्या महागड्या फंडांत, पैसे घालणारे पाच फंड ऑफ फंड्स. २०१७ अखेर इंडेक्स फंड १२५.८ टक्के वर होता, पाचांतला सर्वांत चांगला ८७.७ टक्के. हेज फंडांची फी आपल्याकडच्या फंडांपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे तो हिशेब इथे जसाच्या तसा लावू नकोस. पण फीवर फी चढली की काय होतं, ते दिसतं.

मग घेऊच नये? आमच्याच घरात आहे. तुझ्या काकूकडे डीमॅट खातं नाही आणि तिला ते उघडायचंही नाही. गोल्ड ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा सोन्याचा फंड, त्याला डीमॅट लागतं. तोच ईटीएफ आत घेणाऱ्या गोल्ड फंड ऑफ फंडला लागत नाही, महिन्याची एसआयपी आपोआप जाते. किंमत एवढीच की ईटीएफच्या नफ्यावर १२ महिन्यांनी लागणारा साडेबारा टक्के कराचा दर इथे २४ महिन्यांनी मिळतो. तिला विकायचंच नाहीये, म्हणून चालतं.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. बाजार चढला की शेअर्स कमी करून रोखे वाढवायचे, हे तू स्वतः केलंस तर दरवेळी नफ्यावर कर. तेच फंडाच्या आत झालं तर तुझ्यावर काही येत नाही, तू युनिट्स विकशील तेव्हाच. शिवाय पडझडीत आपला हात थरथरतो, तो प्रश्नही उरत नाही.

मात्र शेअर्सचे फंड आत आहेत म्हणून इक्विटीचा कर लागेल, असं समजू नकोस. त्यासाठीच्या अटी कडक आहेत, आणि त्या पाळल्या गेल्या नाहीत तर नफ्यावरची सव्वा लाखाची करसूट हातची जाते. आत ६५ टक्क्यांहून जास्त रोखे असतील तर कितीही वर्षं थांब, कर तुझ्या स्लॅबनेच.

दारंही कधी कधी बंद होतात. २०२२ च्या सुरुवातीला म्युच्युअल फंड उद्योगाची परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची मर्यादा भरत आली आणि माझी अमेरिकेतल्या फंडाची एसआयपी थांबली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, सिल्व्हर ईटीएफ खऱ्या चांदीच्या भावापेक्षा महाग विकले जाऊ लागले, तेव्हा काही फंड हाउसेसनी, तेच ईटीएफ आत घेणाऱ्या चांदीच्या फंड ऑफ फंड्समध्ये नवे एकरकमी पैसे घेणं थांबवलं. लोक चिडले. मला ते शहाणपणाचं वाटलं.

आता तुझी योजना. मी तिची फॅक्टशीट, म्हणजे फंडात काय काय आहे त्याचा कागद, उघडली. आत आठ योजना, आठही त्याच फंड हाउसच्या, आणि त्यांतल्या पाचांत पहिल्या नंबरवर एकच बँक. वैविध्याच्या नावाखाली तू एकाच बँकेचा शेअर पाच दुकानांतून घेणार आहेस. हे मला पटलेलं नाही.

सही करू नकोस अजून. रविवारी ये, त्या आठांच्या फॅक्टशीट्स छापून आण. मोबाईलवर मला वाचता येत नाही.

तुझा,
काका