मेल तर गेला, पण वाचते कोण?

सीझन तोंडावर आला की सगळ्यांना गिऱ्हाइकांना पाठवायच्या मेलची आठवण येते, या खेपेचे प्रश्नही बहुतेक घरून माल विकणाऱ्यांचेच आहेत.

प्रश्न (समुद्रपूर तालुका) : आमची वायगाव हळद आहे. एका जणाकडून १० हजार मेल आयडी विकत घेतले, साध्या जीमेलवरून पाठवायला बसलो तर मधातच बंद पडलं अन गेले तेही स्पॅममध्ये. काहून?

भाऊ, बंद पडलं कारण फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांच्या वर पाठवता येत नाही. पण खरं दुखणं ती लिस्टच आहे. त्यातल्या कोणी तुमचं नाव ऐकलेलं नाही, मेल दिसला की सरळ 'स्पॅम' दाबतात, अन हजारात तिघांनी जरी दाबलं तरी जीमेलच्या हिशोबात तुम्ही हद्दीवर आले (०.३ टक्के, अन ते तर ०.१ च्या खालीच राहा म्हणतात). मंग मागच्या वर्षी ज्यानं ५ किलो नेली त्याला पाठवलेला मेलही स्पॅममध्ये. लिस्ट डिलीट करा, पैसे गेले समजा. स्टॉलवर वही ठेवा, 'नवीन हळद निघाली की मेल करू का?' असं विचारा, हो म्हणेल त्यालाच आयडी लिहू द्या अन त्याच्यासमोरच एकदा वाचून घ्या, माझ्याकडं अशी एक वही आली होती तिच्यात 'आय' कोणता अन 'एल' कोणता तेच समजेना, कितीतरी मेल परत आले. दीडशे नावं झाली तरी पुष्कळ. पुढं जमलं तर स्वतःचं डोमेन (आयडीत @ च्या पुढं तुमचंच नाव) घ्या अन ते देणाऱ्यालाच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या तीन सेटिंग) लावून मागा, फेब्रुवारी २०२४ पासून गुगल अन याहू यात कडक झालेत.

प्रश्न (वरूड) : संत्र्याच्या पेट्या थेट पुण्याला पाठवतो. ओपन रेट (किती जणांनी मेल उघडला ते) ६० टक्के दाखवते, ऑर्डर मात्र चार!

ताई, त्या ६० वर जाऊ नका. ॲपलनं २०२१ मध्ये मेल ॲपात अशी सोय आणली की ती चालू असली तर माणूस मेल उघडो न उघडो, आतले फोटो आधीच लोड होतात, अन रिपोर्टला वाटते उघडला. लिंकवर किती जण गेले ते पाहा. तुमचा मेल पण पाहिला मी. विषय 'धमाका ऑफर!!!', मंग तीन पॅरा आजोबांची बाग, अन दर पार खाली. मी असतो तर लिहिलं असतं, 'आंबियाची संत्री, सोमवारी तोड, १० किलो पेटी'. मोबाईलवर विषयाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, त्यातच माल सांगून टाका. दर वरच, ऑर्डरचं बटन एकच. अन 'शेवटच्या ५ पेट्या' हे खरंच पाच असतील तेव्हाच.

प्रश्न (भिवापूर) : मिरचीची पूर्ण जाहिरात एकच फोटो करून टाकली तर?

नका टाकू. फोटो लोड नाही झाला की गिऱ्हाइकाला कोरा मेल दिसतो. दर अन फोन नंबर टाईप करा.

प्रश्न (भंडारा जिल्हा) : तांदळाचे मेल दर दोन दिवसांनी पाठवतो, लोकं अनसबस्क्राइब करतात. ती लिंक लपवू का?

अजिबात नाही! लिंक सापडली नाही की माणूस स्पॅम दाबतो, म्हणजे वरच्या हळदवाल्या भाऊसारखी गत. अन तांदूळ दर दोन दिवसांनी घेते कोण राजेहो? नवीन धान निघाला की एक मेल. मंग २५ किलोचा कट्टा कोणी कधी नेला ते वहीत लिहा, त्या घरी तो साधारण कधी संपते ते विचारून ठेवा, अन त्याच्या आठ दिवस आधी फक्त त्याच घराला दुसरा मेल.