विमानाचा वेळ काढताना अंतराने फसू नका

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जळगावला विमानाने किती वेळ लागेल, हे नकाशावर पट्टी ठेवून काढू नका, बाबा. सरळ रेषेत ते अंतर साधारण 600 किलोमीटर भरतं. अशा छोट्या विमानतळांवर बहुधा पंख्यांचं एटीआर 72 विमान येतं. वर पोचल्यावर ते ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे सव्वा तास? नाही. धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढताना आणि उतरताना मंदावलेला वेग, रांगेत थांबणं, याचे वीस-पंचवीस मिनिटं धराच. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, निव्वळ हवेतला नव्हे. म्हणूनच अंतर अर्धं झालं तरी वेळ अर्धा होत नाही.

आणखी एक, वैमानिकांच्या तक्त्यात अंतर सागरी मैलांत असतं. एक मैल 1.852 किलोमीटरचा. हिशेबात दोन्ही मिसळलीत तर सगळंच बिघडेल.

खरी काळजी जमिनीवरच्या वेळेची घ्या. तिकीट काढताना दाबोळी की मोपा, हे दोनदा वाचा. दोन्ही गोव्यातच, हवाई अंतर जेमतेम 40 किलोमीटर, पण मडगावच्या माणसाला दाबोळी जवळ आणि मोपा म्हणजे पार पेडण्याचं टोक. जुलैच्या पावसात तर मोपाला निघताना मी तासभर जास्तच हाताशी ठेवतो. तुम्हीही ठेवा. आणि पुढे जोडविमान असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर घ्या.