‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’मधला सर्वात भयंकर पोरगा कोण?

तुम्ही विचारलंय, की ‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’ या स्टीफन किंगच्या कथेवरून निघालेल्या अमेरिकी भयपटमालिकेत मोठ्यांना मारणाऱ्या मुलांचा पंथ असतो, तिच्या जवळजवळ प्रत्येक भागात एक नवा मुलगा पंथाचा म्होरक्या होतो, मग त्यांतला सर्वात भयंकर कोण, आणि पहिल्या भागातल्या आयझॅकची सर पुढे कुणालाच का येत नाही? ही मालिका मी मनापासून बघितली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे शेवट उघड केले आहेत, पाहायचे असतील तर आधी पाहून घ्या.

माझ्या मते आयझॅकच. पण तो एकटा नाही. आयझॅक, त्याचा हस्तक मॅलकाय आणि एकोणीस वर्षांचा नियम, म्हणजे एकोणिशी गाठली की मक्यातल्या देवाकडे मरायला जायचं, या तिघांची मिळून ती भीती तयार होते. पुढच्या बहुतेक भागांनी त्यातला नेता तेवढा उचलला आणि उरलेलं दोन्ही सोडून दिलं.

१९८४चा पहिला चित्रपट आठवा. नेब्रास्कातलं गॅटलिन नावाचं खेडं, चारी बाजूंना मका. रविवारी लोक चर्चमधून निघून कॅफेत बसलेत. कॉफीत विष पडतं, दाराला कडी लागते, आणि पोरं सुरे-विळे काढून मोठ्यांना कापत सुटतात. आयझॅक एकालाही हात लावत नाही. काळी हॅट घालून तो खिडकीबाहेरून आत बघत असतो. माझ्यासाठी त्याची सगळी ओळख या एका दृश्यात आहे. रक्ताने हात मॅलकायचे माखतात, आयझॅकच्या वाट्याला फक्त शब्द येतात. ‘ओळींमागून चालणारा’ म्हणून या पोरांचा जो देव मक्यात आहे, त्याचं म्हणणं फक्त त्याला ऐकू येतं, आणि ते खरं की खोटं हे तपासायला गावात एकही मोठा माणूस उरलेला नाही.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही आठ-दहा वर्षांचं पोर कीर्तनाला उभं राहतं, ओव्या-अभंग घडाघडा म्हणतं, आणि गाव कौतुकाने ऐकतं. पण समोर टाळकरी असतात, म्हातारे वारकरी असतात, चुकलं तर सांगणारं कुणीतरी असतं. गॅटलिनमध्ये सांगणारे सगळे आधीच मारून टाकलेत. पाठ केलेली धर्मवाक्यं उरली, त्यांचा अर्थ लावून देणारी पिढी गेली.

आता मॅलकाय. त्याच्याकडे अनेक जण नुसता लाल केसांचा खुनी म्हणून बघतात आणि तिथेच थांबतात. पण जोब आणि सारा या लहान भावंडांचं दृश्य नीट बघा. ती दोघं चोरून गाणी ऐकतात, खेळतात, आणि आयझॅकने दोन्हीवर बंदी घातलेली आहे. मॅलकाय त्यांना पकडून आणतो. आयझॅक मात्र साराला सोडून देतो, कारण तिला पुढचं दिसतं आणि तिची चित्रं खरी ठरतात. मॅलकायच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं ते शुद्ध राजकारण आहे. नियम मी राबवायचे आणि सवलती तू द्यायच्या? पुढे हीच ठिणगी पेटते आणि बाहेरून गावात आलेल्या व्हिकी या बाईसाठी उभा केलेल्या क्रूसावर मॅलकाय आयझॅकलाच चढवतो. प्रेषित आणि तलवारधारी यांच्यातलं हे भांडण कुठल्याही पंथात होऊ शकतं, आणि इथे ते घडवणारी माणसं वयात आलेलीही नाहीत. मला त्या पडद्यावरच्या राक्षसापेक्षा याची जास्त धास्ती वाटते.

अभिनयाचाही भाग आहेच. आयझॅक झालेला जॉन फ्रँकलिन त्या वेळी २४ वर्षांचा होता. वाढीच्या संप्रेरकाच्या कमतरतेमुळे त्याची चण लहान राहिली होती. म्हणून त्याच्या बोलण्यात जो ठामपणा आहे तो शिकवून आलेला वाटत नाही. पडद्यावर मुलगा दिसतो आणि समोरून बोलतं मात्र भलतंच वय. २००९मध्ये दूरचित्रवाणीसाठी हीच गोष्ट पुन्हा केली तेव्हा आयझॅकच्या भूमिकेत खरंच लहान मुलगा घेतला. तो मूळ कथेच्या जास्त जवळ आहे, पण मोठमोठी वाक्यं त्याच्या तोंडात जड होतात, आणि मला सतत त्याला ती पाठ करून घेणारा माणूस जाणवत राहतो.

तिसरी गोष्ट नियमाची, आणि ती सगळ्यांत चांगली कळते स्टीफन किंगच्या मूळ कथेत. ती १९७७मध्ये आली आणि पुढच्या वर्षी ‘नाइट शिफ्ट’ या संग्रहात गेली. त्यात कत्तल दाखवलेलीच नाही. बाहेरून गावात आलेला बर्ट तिथल्या ओसाड चर्चमध्ये एक नोंदवही उघडतो. मुलांची नावं बदलून जुन्या करारातली ठेवलेली, पुढे जन्माची तारीख, त्यापुढे मृत्यूची. तो हिशेब लावत जातो आणि लक्षात येतं की एकोणीस वर्षं झाली की प्रत्येकाचं नाव संपतं. मग सुरुवातीला, १९६४मध्ये, काय घडलं असेल हे त्याला आणि आपल्याला एकदमच उमगतं. भयकथेत इतक्या कोरड्या कागदातून इतकी भीती काढलेली मी फार कमी वेळा वाचली आहे.

कथेतला आयझॅक नऊ वर्षांचा आहे. कारण उघड आहे, मोठे होते ते मक्यात गेले. म्हणजे तिथे नेता कधीच म्हातारा होत नाही, अनुभव साठत नाही, पश्चात्ताप करायला कुणी जगत नाही. शेवटी आयझॅक जाहीर करतो की देव नाराज आहे, आता वयाची मर्यादा अठरा. त्याच संध्याकाळी अठरा वर्षांचे सगळे मक्याकडे चालू लागतात, त्यांत मॅलकायही आहे. त्याच्यापासून गरोदर असलेली रूथ त्याला निरोप देते आणि मनातल्या मनात ते शेत जाळून टाकायची इच्छा धरते, पण तीही उघड बोलत नाही, कारण मका ऐकतो. नऊ वर्षांच्या पोराच्या एका वाक्याने हे सगळं घडतं. चित्रपटातही हा नियम आहे, एमोस नावाच्या मुलाचा एकोणिसावा वाढदिवस त्यात येतो, पण कथेइतकं त्याचं वजन जाणवत नाही.

आता बाकीची पोरं. दुसऱ्या भागातला मायका आधी साधा मुलगा असतो आणि मक्यातली शक्ती त्याला झपाटते. त्याचं सगळं बाहेरून आलेलं आहे, त्यामुळे माझ्या तो लक्षात राहत नाही. पाचव्या भागातल्या इझिकिएलबद्दलही तेच म्हणेन, त्या भागात नाव घेण्यासारखं म्हणजे त्या वेळी अगदी नवखी असलेली अभिनेत्री एव्हा मेंडिस.

तिसऱ्या भागातला एलाय मात्र वेगळा (१९९५). जोशुआ आणि एलाय हे दोघे भाऊ शिकागोत दत्तक जातात. एलाय पेटीतून बियाणं आणतो आणि घरामागच्या पडीक जागेत मका लावतो. शाळेतल्या मुलांना तो फार शांतपणे आपल्याकडे ओढतो. इकडे जोशुआला मित्र मिळतात, तो बास्केटबॉल खेळायला लागतो, आणि भाऊ हातातून निसटतोय हे एलायला सहन होत नाही. पहिल्या भागातल्या मॅलकायची जागा इथे भावाच्या मायेने घेतली आहे, म्हणून आयझॅकनंतर माझा क्रमांक एलायचा. दत्तक घेणारा बाप धान्यबाजारात दलाली करतो. त्याला त्या विलक्षण मक्यात फक्त पैसा दिसतो, आणि पोराचं पीक जगभर पोचवायची सोय तोच करून देतो. मोठ्यांच्या हावेमुळे मुलांचा पंथ फोफावतो, ही कल्पना मालिकेला पुन्हा इतकी चांगली सुचली नाही.

चौथ्या भागाबद्दल (१९९६) मला हळहळ वाटते. त्यातल्या जोसायाची पूर्वकथा सगळ्या मालिकेत सर्वात करुण आहे. फिरत्या धर्मप्रचारकांनी त्याला बालप्रवचनकार म्हणून गावोगाव नाचवलं, आणि वाढू लागला तर गर्दी ओसरेल म्हणून पारा पाजून त्याची वाढ खुंटवली. यातला पारा काल्पनिक असेल, पण धंदा खरा होता. मार्जो गॉर्टनर या अमेरिकी मुलाला आईबापांनी चार वर्षांचा असतानाच धर्मोपदेशक म्हणून दीक्षा दिली, आणि त्याच वयात त्याने कॅमेऱ्यांसमोर एक लग्नही लावलं. प्रवचनं पाठ व्हावीत म्हणून त्याचं तोंड उशीने दाबत किंवा पाण्याखाली धरत, कारण मारलं तर वळ दिसले असते. हे त्याने मोठेपणी स्वतः सांगितलं. त्याच्यावरच्या ‘मार्जो’ या माहितीपटाला १९७२च्या चित्रपटांसाठीचं ऑस्कर मिळालं. आयझॅक, एलाय, जोसाया हे सगळे याच परंपरेच्या सावलीतून आले आहेत असं मी मानतो. असं असूनही चौथ्या भागात जोसायाला धड एक प्रवचनसुद्धा दिलेलं नाही, चित्रपटाचं सगळं लक्ष अभिनेत्री नेओमी वॉट्सच्या पात्राकडे आणि तापाने फणफणलेल्या मुलांकडे आहे.

सहाव्या भागात (१९९९) जॉन फ्रँकलिन परत आला, पटकथेतही त्याचा हात होता. आयझॅक एकोणीस वर्षं बेशुद्ध होता आणि आता जागा झालाय. इथे केवढा मोठा प्रश्न समोर होता! ज्याने एकोणिशी ओलांडलेल्यांना मरण ठरवलं तो आता स्वतः पुरुष झालाय, मग त्याला जगायचा हक्क कुठून आला? चित्रपट भविष्यवाणीच्या आणि पहिल्या अपत्याच्या भानगडीत अडकतो आणि हा प्रश्न निसटून जातो.

सगळ्यांत नवा चित्रपट २०२३मध्ये प्रदर्शित झाला. त्यात सगळी सूत्रं एका मुलीच्या हाती आहेत, तिचं नाव ईडन. मोठ्यांनी रसायनं वापरून मका नासवलाय आणि आता सरकारी अनुदान घेऊन पीक गाडून टाकायचा ठराव करतायत, मुलांना कुणी विचारत नाही. तिचा राग रास्त आहे, आणि मला तिच्याबद्दल सहानुभूतीही वाटली. पण तिच्या बाजूला मॅलकाय नाही, वयाचा नियम नाही, त्यामुळे ती एक संतप्त मुलगी राहते, पंथ उभा राहत नाही.

बघायचंच ठरवलं असेल तर आधी मूळ कथा वाचा, मग १९८४चा चित्रपट, मग तिसरा भाग. चौथा बघणार असाल तर त्याच्या आधी ‘मार्जो’ बघा, म्हणजे जोसायाला जे बोलायला मिळालं नाही ते तुम्हाला ठाऊक असेल.