नऊ टीम, १७ सीझन, प्लेऑफ एकही नाही, मग रायन फिट्झपॅट्रिक यशस्वी की अपयशी?

प्रश्न असा आहे की हार्वर्डसारख्या कॉलेजातनं आलेला क्वार्टरबॅक (टीमसाठी पास टाकणारा मुख्य खेळाडू) एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, नऊ टीम फिरला, प्लेऑफची एकही मॅच खेळला नाही, तर त्याला यशस्वी म्हणायचं का, आणि मुळात एवढा फिरला कशामुळे. मी २०१० ते २०१६ बफेलोला होतो, आधी एमएस मग नोकरी, आणि अमेरिकन फुटबॉल मला याच माणसामुळे कळायला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते त्याला टीम ज्या गोष्टीसाठी घ्यायच्या त्याच गोष्टीसाठी सोडायच्या. त्याचं सगळं करिअर या एका वाक्यात बसतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आला की साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात, समोरनं सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्यावर धावून येत असतात, आणि तेवढ्यात कुणाकडे पास टाकायचा हे ठरवायचं. मोकळा माणूस दिसला नाही तर शहाणा क्वार्टरबॅक बॉल बाहेर फेकून देतो. फिट्झपॅट्रिक फेकायचा नाही. दोन डिफेंडरच्या मधनं वीतभर फट दिसली तरी तो पास टाकायचा. बसला तर टचडाऊन (सहा गुण), नाही बसला तर इंटरसेप्शन (बॉल समोरच्या टीमच्या हातात). त्याचा हातही काही फार ताकदीचा नव्हता, डोकं मात्र जबरदस्त होतं, हार्वर्डला इकॉनॉमिक्स केलेलं, आणि ड्राफ्टच्या (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) आधी एनएफएल जी वंडरलिक नावाची परीक्षा घ्यायचं (५० प्रश्न, १२ मिनिटं) त्यात त्याला ४८ मिळाल्याचं सांगतात.

कॉलेजबद्दल एक सांगायला हवं. हार्वर्ड ज्या आयव्ही लीगमध्ये खेळतं तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, त्यामुळे एनएफएलवाले तिकडे फारसे फिरकत नाहीत. २००४ ला त्याच्या टीमने १० पैकी १० मॅच जिंकल्या, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी २००५ च्या ड्राफ्टमध्ये नंबर लागला सातव्या म्हणजे शेवटच्या राउंडला, २५० वा, सेंट लुईस रॅम्सकडे. अशा खेळाडूला टीम तिसरा क्वार्टरबॅक म्हणून ठेवते, म्हणजे बहुतेक वेळ हातात कागद घेऊन उभं राहायचं. पण २७ नोव्हेंबर २००५ ला ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध पुढच्याला लागलं आणि याला आत पाठवला, हाफटाइमला स्कोअर ३-२४, आयुष्यातली पहिली एनएफएल मॅच, आणि पठ्ठ्याने ३१० यार्ड आणि तीन टचडाऊन टाकून ओव्हरटाइममध्ये ३३-२७ ने मॅच काढली!

पुढे सिनसिनाटीला गेला, २००८ ला तिथल्या मुख्य क्वार्टरबॅकला लागल्यावर खेळला, आणि २००९ ला बफेलो बिल्समध्ये आला. बफेलोची अवस्था तेव्हा वाईट होती. २००० पासनं प्लेऑफ नाही, न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडनं तर सलग १५ मॅच हरलेले. २५ सप्टेंबर २०११ ला लॅबमधल्या एका मित्राकडे जादा तिकीट होतं, त्याने मला ओढत नेलं. थोड्याच वेळात ०-२१. मित्र म्हणाला आपण बर्गर खाऊन निघू. आम्ही निघालो नाही, आणि नंतर जे झालं ते मी अजून विसरलो नाहीये, फिट्झपॅट्रिकचे स्वतःचे दोन इंटरसेप्शन झाले तरी तो तसाच पुढे टाकत राहिला, समोर पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने चार इंटरसेप्शन दिले, आणि अगदी शेवटच्या किकवर ३४-३१. माझ्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ रडत होते. मला तेव्हा निम्मे नियमही येत नव्हते, पण त्या दिवसापासनं मी त्याचा झालो.

महिन्याभरात बिल्सने त्याच्याशी सहा वर्षांचा ५.९ कोटी डॉलरचा करार केला. शहराला वाटलं बरेच वर्षांनी आपला माणूस मिळाला. आणि मग ५-२ (पाच जिंकलेल्या, दोन हरलेल्या) वरनं सलग सात मॅच हरून सीझन ६-१० ला संपला. २०१३ च्या मार्चमध्ये त्याला सोडलं, करारातली दोनसुद्धा वर्षं पूर्ण झाली नव्हती. ज्यांना वाटतं एनएफएलचा करार म्हणजे लॉटरी, त्यांनी हे लक्षात ठेवा, गॅरंटी असलेले पैसे सोडले तर बाकीचा आकडा नुसता कागदावर असतो.

इथून पुढे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. २०१३ टेनेसी, २०१४ ह्यूस्टन (एका मॅचमध्ये सहा टचडाऊन टाकले आणि दोन आठवड्यांनी पाय मोडला), मग न्यूयॉर्क जेट्स. आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ टीमकडनं खेळला हे आपल्याला माहितीये, पण फलंदाजाला टीम बदलली तरी बॅटिंग तीच करायची असते. क्वार्टरबॅकला दरवेळी नवं प्लेबुक पाठ करायचं, शेकडो प्ले म्हणजे ठरवलेल्या चाली, त्यांची नावं वेगळी, खुणा वेगळ्या, आणि हडलमध्ये, म्हणजे प्लेच्या आधी सगळे गोळा होतात तेव्हा, बाकीच्या दहा जणांना ते असं सांगायचं की जणू तो तिथेच वाढलाय. मी स्वतः कॉन्ट्रॅक्टवर काम केलंय, दर वर्षा-दीड वर्षाने नवीन ऑफिस, नवीन माणसं, आणि आपण पर्मनंट नाही हे सगळ्यांना माहीत. अशा ठिकाणी पहिल्याच आठवड्यात लोकांचा विश्वास मिळवणं किती अवघड असतं ते मला माहितीये, आणि हा माणूस ते पुन्हा पुन्हा करत होता.

जेट्सचं २०१५ चं वर्ष सगळ्यात दुखरं. ३१ टचडाऊन, जेट्सचा तेव्हाचा एका सीझनचा रेकॉर्ड, दहा विजय, आणि शेवटची मॅच जिंकली की प्लेऑफ पक्की. ती मॅच कुठे, तर बफेलोत. १७-२२ ने हरले, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे तीन इंटरसेप्शन. घरात सगळे बिल्सवाले नाचत होते आणि मी गप्प बसून होतो. त्यानंतरच्या सीझनमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच मॅचमध्ये सहा इंटरसेप्शन, आणि तारीख परत २५ सप्टेंबर, मी पाहिलेल्या त्या मॅचला बरोबर पाच वर्षं झाली होती. पास तसेच होते हो, त्याच फटीतनं टाकलेले. लोक चांगल्या दिवशी फिट्झमॅजिक म्हणायचे, वाईट दिवशी फिट्झट्रॅजिक, पण मला तरी दोन वेगळे खेळाडू कधी दिसले नाहीत.

टँपा बेला २०१८ मध्ये पहिल्या तिन्ही मॅचला ४०० यार्डच्या वर गेला, सलग तीन मॅच असं एनएफएलमध्ये त्याआधी कुणीच केलं नव्हतं, आणि चौथ्या मॅचच्या मध्यावरच त्याला बाहेर बसवलं.

मायामीचं मात्र माझ्या मते नीट कौतुक झालं नाही. २०१९ ला सगळे धरून चालले होते की मायामी मुद्दाम हरणार, म्हणजे पुढच्या ड्राफ्टला पहिला नंबर मिळेल. खेळाडूंना कोण सांगणार हरा म्हणून! त्याने पाच मॅच जिंकून दिल्या, शेवटची तर पेट्रियट्सच्या घरी, २७-२४, त्यामुळे पेट्रियट्सला प्लेऑफची एक जादा मॅच खेळावी लागली, ते ती हरले आणि ब्रेडीची पेट्रियट्सकडनं ती शेवटची मॅच ठरली. २०२० ला तीन जिंकलेल्या, तीन हरलेल्या असताना त्याला बसवून नव्या टुआ टागोवायलोआला घेतलं. मन मोडलं असं त्याने उघड सांगितलं, पण नव्या पोराला शिकवायचं थांबवलं नाही. डिसेंबरात लास वेगासला हरत आलेल्या मॅचमध्ये १९ सेकंद उरलेले, हा परत आत, डिफेंडरने हेल्मेटची जाळी धरून मान पूर्ण फिरवलेली, आणि न बघता ३४ यार्डचा पास बरोबर मॅक हॉलिन्सच्या हातात. २६-२५. व्हिडिओ शोधून बघाच.

नववी टीम वॉशिंग्टन, २०२१. पहिल्याच मॅचला, दुसऱ्या क्वार्टरमध्ये कमरेच्या सांध्याला लागलं आणि तिथेच संपलं.

आकडे बघितले तर ५९ जिंकल्या, ८७ हरल्या, एक बरोबरीत. प्रश्न विचारणाऱ्याला अपयशी म्हणायचं असेल तर एवढं पुरे आहे, मी भांडणार नाही. पण नऊ वेगवेगळ्या टीमकडनं क्वार्टरबॅक म्हणून मॅच सुरू करणारा एनएफएलच्या इतिहासात हा एकटाच आहे, आणि २५० व्या नंबरच्या माणसाला नऊ ठिकाणच्या कोचनी विचार करूनच बोलावलं असणार. मला हे यश वाटतं, आणि मोठं वाटतं.

जानेवारी २०२२ मध्ये बिल्सची पेट्रियट्सविरुद्ध प्लेऑफ होती, थंडी उणे १४ च्या आसपास, आणि कॅमेऱ्यात हा दिसला, बिल्सच्या चाहत्यांमध्ये, अंगात शर्ट नाही. त्या टीमने त्याला काढून नऊ वर्षं होत आली होती. मग जूनमध्ये त्याने रिटायर होताना जुन्या सहकाऱ्यांना मेसेज पाठवला, त्यात आजवर बरोबर खेळलेल्यांच्या नावांची भलीमोठी यादी होती. बफेलोच्या फ्रेड जॅक्सनने ते ट्विटरवर टाकलं तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि जेवायच्या सुट्टीत फोटो मोठा करून करून २०११ च्या त्या मॅचमधली नावं शोधत बसलो.